निवडणुकीतील तंटा

छत्तीसगढ राज्यातील भिलाई हे शहर पोलाद कारखान्याभोवती वसले आहे. सोव्हिएत रशियाच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कामगारांसाठी जी वसाहत बांधण्यात आली तिच्यातील विभागांना पेठांसारखी नावे मिळाली नाहीत; त्यांना क्रमांक मिळाले. सेक्टर २ हा त्यांपैकी एक. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे येथे कामाला आली आणि क्वार्टर जसजसे मिळत गेले तसतसा शेजार घडत गेला. मराठी कुटुंबाच्या एका बाजूला छत्तीसगढी, दुसऱ्या बाजूला तेलुगू किंवा बंगाली कुटुंब राहत असेल, तर त्याचे येथे कोणाला नवल वाटत नाही.

हे शेजारी एकाच पाळीला कामावर जातात. मात्र मत एकाच पक्षाला देतात असे नाही. भिलाईनगर विधानसभा मतदारसंघाने २००३ मध्ये एका पक्षाला निवडून दिले, २००८ मध्ये दुसऱ्या पक्षाला, २०१३ मध्ये पुन्हा पहिल्याला आणि २०१८ मध्ये पुन्हा दुसऱ्याला. २०१८ साली विजयी आणि पराभूत उमेदवारांमध्ये २,८४९ मतांचे अंतर होते. पाच वर्षांनी तेच दोन उमेदवार परत समोरासमोर उभे राहिले. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी मतदान झाले, ३ डिसेंबरला मतमोजणी झाली आणि या वेळी अंतर उरले अवघ्या १,२६४ मतांचे. त्या काळी एका मतदान केंद्राला जास्तीत जास्त १,५०० मतदार जोडता येत असत. म्हणजे साऱ्या मतदारसंघाचा निर्णय ज्या फरकाने झाला, तो एका भरलेल्या केंद्राच्या मतदारसंख्येपेक्षाही लहान होता.

इतक्या थोड्या फरकाने पराभव पदरी आला की शंका येणे हा मनुष्यस्वभाव आहे. अमुक केंद्रावर खोटी मते पडली असतील काय? मोजणीत चूक झाली असेल काय? मतदारांपासून काही लपविले गेले असेल काय? अशी शंका मनात आल्याने बिघडत नाही. ती बोलून दाखविण्यास आणि तपासून घेण्यास जागा नसेल, तर मात्र ती रस्त्यावर येते. निवडणूक ही मुळात तंटा सोडविण्याचीच एक रीत आहे. सत्ता कोणाकडे असावी या सर्वांत जुन्या भांडणाचा निकाल लाठीने न लावता मोजणीने लावावयाचा, हे तिचे प्रयोजन. तेव्हा निवडणुकीतून भांडण काढून टाकता येत नाही. भांडणाच्या प्रत्येक टप्प्यावर त्याला एक ठरलेली वाट करून देणे एवढेच कायद्याला शक्य आहे. भारतीय निवडणूक पद्धतीतील जे नियम वरवर पाहता किरकोळ, कंटाळवाणे वाटतात, ते बहुधा अशा वाटाच आहेत.

मतदानाच्या दिवसाचा आरंभच पाहावा. वसाहतीतील एखाद्या शाळेच्या वर्गात मतदान केंद्र थाटलेले असते. मतदार येण्यापूर्वी सुमारे दीड तास तेथे एक छोटे नाटक घडते. केंद्राध्यक्ष निरनिराळ्या उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर यंत्रावर किमान ५० मते टाकून दाखवितो, त्यांची बेरीज काढतो, कागदी चिठ्ठ्यांशी ताडून पाहतो आणि मग ती सर्व मते पुसून टाकतो. याला अभिरूप मतदान म्हणतात. यंत्र रिकामे आहे आणि दाबलेल्या बटणाप्रमाणेच मत नोंदवीत आहे, याची खात्री परस्परांचे विरोधक असलेल्या प्रतिनिधींनी स्वतःच्या डोळ्यांनी करून घ्यावी, हा यातला हेतू. त्यानंतर यंत्राला मोहोर लागते आणि त्या कागदी मोहोरेवर प्रतिनिधींनाही सही करता येते. ज्याने सकाळी सही केली त्याला सायंकाळी ‘यंत्र आधीच भरलेले होते’ असे म्हणणे अवघड जाते.

एखाद्या मतदाराविषयी शंका आली तर काय करावयाचे? प्रतिनिधीने दोन रुपये भरून त्याच्या ओळखीला आक्षेप घ्यावा. केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे चौकशी करून निर्णय देतो. आक्षेप खोडसाळ ठरला तर ते दोन रुपये जप्त होतात. रक्कम हास्यास्पद वाटेल, पण तिचे मोल निराळे आहे: आरोप करणाऱ्याला उठून, पैसे भरून, आपले नाव लावून तो करावा लागतो. कुजबुज करण्यास मात्र काही पडत नाही, आणि केंद्राबाहेरच्या मारामाऱ्यांची सुरुवात बहुधा कुजबुजीतूनच होते. याच्या उलट, एखादा मतदार केंद्रावर यावा आणि त्याच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेल्याचे आढळावे, असेही घडते. त्याला रिकाम्या हाती परत पाठविले जात नाही. ओळख पटल्यावर त्याला कागदी मतपत्रिका दिली जाते आणि ती वेगळ्या लिफाफ्यात ठेवली जाते. हे ‘प्रदत्त मत’ एरवीच्या मोजणीत धरले जात नाही. परंतु पुढे प्रकरण न्यायालयात गेले तर ते पुरावा म्हणून उपयोगी पडते. बटण दाबले एकाचे आणि चिठ्ठी निघाली दुसऱ्याची, अशी तक्रार असल्यासही मतदाराला लेखी निवेदन देऊन सर्वांसमक्ष चाचणी मत देता येते. तक्रार खोटी ठरल्यास शिक्षा होऊ शकते, हे त्याला आधी बजावले जाते.

मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष ‘नमुना १७ सी’ या कागदावर किती मते नोंदली गेली ते लिहून त्याची प्रत हजर असलेल्या प्रत्येक प्रतिनिधीला देतो. या साध्या कागदाचे महत्त्व फार थोड्या लोकांना ठाऊक असते. मोजणीच्या दिवशी यंत्र जो एकूण आकडा दाखवील तो या प्रतीशी जुळला पाहिजे. यंत्रे ठेवलेल्या सुरक्षा कक्षाच्या कुलपावर उमेदवारांना स्वतःची मोहोर लावता येते आणि बाहेर आपली माणसे पहाऱ्याला बसविता येतात. जो पक्ष प्रत्येक केंद्रावर प्रतिनिधी बसवितो आणि त्यांच्याकडून या प्रती गोळा करतो, त्याच्याजवळ निकालानंतर बोलण्यासारखे काहीतरी असते. ज्याने प्रतिनिधीच नेमला नाही त्याच्याजवळ केवळ संशय असतो. निवडणुकीतील बरेचसे तंटे कार्यकर्त्यांच्या आळसातून जन्मतात, असे म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे होणार नाही.

प्रचाराच्या काळातील वाट म्हणजे आचारसंहिता. तिचा उगम केरळ राज्यातील. १९६० च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी तेथील राजकीय पक्षांनी सभा, मिरवणुका, घोषणा यांविषयी आपसांत काही नियम ठरवून घेतले. निवडणूक आयोगाने ते उचलून धरले आणि पुढे ते देशभर लागू झाले. आज लोकांना आचारसंहिता म्हणजे मंत्र्यांच्या उद्घाटनांवरील बंदी एवढेच ठाऊक असते. प्रत्यक्षात तिच्यातील कित्येक कलमे अगदी गल्लीतल्या भांडणांचा विचार करून लिहिलेली दिसतात. दोन पक्षांना एकाच वेळी एकाच रस्त्याने मिरवणूक न्यावयाची असेल तर संयोजकांनी आधी एकमेकांशी बोलून वेळ ठरवावी. एका पक्षाची सभा चालू असेल त्या जागेवरून दुसऱ्याने मिरवणूक नेऊ नये. कोणाच्या घराची भिंत त्याच्या अनुमतीवाचून रंगवू नये. आणि एखाद्याचे मत आपल्याला कितीही न पटणारे असले तरी त्याच्या घरासमोर निदर्शने करू नयेत, कारण घरी शांतपणे राहण्याचा त्याला हक्क आहे. शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्तीत या शेवटच्या कलमाची किंमत वेगळी सांगावयास नको.

मतदान संपण्यापूर्वीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद होतो. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत प्रचार करणे हा गुन्हा आहे. धाकदपटशाचा संभव असलेल्या वस्त्या अधिकारी आधीच हेरून ठेवतात, तेथील मतदारांशी जाऊन बोलतात, परवान्याची शस्त्रे जमा करून घेतात. केंद्र बळकावण्याचा प्रकार घडल्यास मतदान रद्द करून पुन्हा घेण्याची तरतूद कायद्यात १९८९ साली स्पष्ट शब्दांत करण्यात आली. छत्तीसगढमध्ये या सर्वांच्या जोडीला आणखी एक अडचण होती. राज्याच्या दक्षिणेकडील बस्तर भागात नक्षलवाद्यांनी मतदानावर बहिष्कार पुकारण्याची आणि मतदान पथकांवर हल्ले करण्याची भीती असे. यास्तव राज्यात मतदान दोन टप्प्यांत घेतले गेले. २०२३ साली पहिला टप्पा ७ नोव्हेंबरला मुख्यत्वे बस्तर आणि त्याच्या आसपासच्या भागात, तर भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात येते तेथे दुसरा टप्पा १७ नोव्हेंबरला पार पडला. सुरक्षा दले एका भागातून दुसऱ्या भागात हलविता यावीत म्हणून हे दहा दिवसांचे अंतर.

भांडण टाळण्याचा याहून सोपा उपाय म्हणून निवडणूकच टाळावी, असा विचार महाराष्ट्रातील खेड्यांत फार जुना आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत भाऊबंदकी जागी होते, बांधावरची जुनी वैरे उकरली जातात, निकालानंतर वर्षानुवर्षे दोन घरांत येणे-जाणे राहत नाही. ज्या गावाने हे अनुभवले त्याला ‘बिनविरोध’ हा शब्द गोड वाटावा यात आश्चर्य नाही. गुजरात सरकारने २००१ पासून ‘समरस’ नावाने बिनविरोध ग्रामपंचायतींना अनुदान देऊ केले. महाराष्ट्रातही काही आमदारांनी अशा गावांना विकासनिधी देण्याच्या घोषणा वेळोवेळी केल्या. परंतु बिनविरोध निवड कशी झाली, हा प्रश्न उरतोच.

त्याचे उत्तर एका प्रकरणात लखलखीतपणे समोर आले. १५ जानेवारी २०२१ रोजी महाराष्ट्रातील सुमारे १४ हजार ग्रामपंचायतींसाठी मतदान व्हावयाचे होते. त्याआधी नाशिक जिल्ह्याच्या देवळा तालुक्यातील उमराणे या गावी पदांचा चक्क जाहीर लिलाव झाला. बोली दोन कोटी रुपयांच्या वर गेली. पैसा गावातील मंदिराच्या कामी लागणार, गावात भांडणे होणार नाहीत, निवडणुकीचा खर्चही वाचेल, असे त्याचे समर्थन होते. नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथेही असाच लिलाव होऊन बोली ४२ लाखांपर्यंत गेली. चित्रफिती आणि बातम्या बाहेर पडल्यावर राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागविले आणि तत्कालीन राज्य निवडणूक आयुक्त यू. पी. एस. मदान यांनी मतदानाच्या तोंडावर या दोन्ही गावांची संपूर्ण निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

गावकऱ्यांपैकी कित्येकांना हा निर्णय जाचक वाटला असेल. पैसा कोणाच्या खिशात जात नव्हता, देवाच्या कामी जात होता. मग आयोगाने मध्ये का पडावे? येथे क्षणभर थांबून लिलावाच्या मैदानात कोण नव्हते हे पाहिले पाहिजे. ज्याच्याजवळ बोली लावण्याइतका पैसा नाही असा प्रत्येक माणूस त्या लिलावाबाहेर होता. शेतमजूर बाहेर होता. बचत गट चालविणारी आणि उभे राहण्याची इच्छा मनात बाळगणारी स्त्री बाहेर होती. मतदारांची तर कोणाला गरजच उरली नव्हती. भांडण झाले नाही हे खरे. पण ज्यांनी भांडावयास हवे होते त्यांना आधीच गप्प बसविण्यात आले होते. शिवाय कोटी रुपये मोजून मिळविलेले पद पुढील पाच वर्षे निःस्पृहपणे चालविले जाईल, असे मानण्यास फार मोठा भाबडेपणा अंगी असावा लागतो.

त्याच निवडणुकीत दुसरी एक घटना घडली. तिचा गाजावाजा त्या मानाने कमी झाला. अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) हिवरे बाजार हे गाव पाणलोटाच्या कामासाठी देशभर नावाजलेले. तेथे सुमारे ३० वर्षे ग्रामपंचायतीची निवडणूक बिनविरोध होत आली होती. २०२१ मध्ये प्रथमच काही ग्रामस्थांनी विरोधी अर्ज भरले आणि गावाला मतदान करावे लागले. पोपटराव पवार यांच्या गटाने सातही जागा जिंकल्या. तीन दशकांची परंपरा मोडली म्हणून कोणी हळहळलेही असेल. परंतु या मतदानाने गावाचे काय नुकसान झाले? ज्यांना वेगळे काही म्हणावयाचे होते त्यांनी अर्ज भरून म्हटले. गावाने त्यांना मतपेटीतून उत्तर दिले. नेतृत्वाला आपल्या पाठीशी किती लोक आहेत हे तीस वर्षांत प्रथमच मोजून कळले. एकमताने मिळालेल्या मौनापेक्षा असे मोजलेले बहुमत अधिक भक्कम असते.

याचा अर्थ समजुतीने तंटे मिटवूच नयेत असा नाही. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्र शासनाने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. बांधाचे, वाटणीचे, नवरा-बायकोचे तंटे गावातच तडजोडीने मिटावेत म्हणून ग्रामसभेने समिती निवडावयाची, असे तिचे स्वरूप. अशा समितीला निवडणुकीच्या दिवसांत पुष्कळ काही करता येते: दोन्ही गटांच्या म्होरक्यांना एकत्र बसविणे, सभांच्या वेळा वाटून देणे, निकालाच्या दिवशी पराभूताच्या दारावरून गुलालाची मिरवणूक नेऊ नये असे ठरविणे. तिने एवढेच करू नये की कोणी उभे राहावे आणि कोणी अर्ज मागे घ्यावा हे स्वतः ठरवावे. बांधाच्या भांडणात दोन पक्ष असतात आणि ते दोघे राजी झाले की प्रश्न सुटतो. निवडणुकीत प्रत्येक मतदार हा एक पक्ष असतो.

निकालानंतरच्या शंकेची कथा याहून अवघड आहे. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीचा निकाल २३ नोव्हेंबरला लागल्यावर सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडी या गावात अस्वस्थता पसरली. गावाचा ज्या उमेदवाराकडे कल होता असे अनेकांना वाटत होते, त्याला गावच्या केंद्रांवर प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते दिसत होती. तेव्हा गावकऱ्यांनी ३ डिसेंबर रोजी आपल्या खर्चाने, कागदी मतपत्रिकांवर पुन्हा मतदान घेऊन ताळा पाहण्याचे ठरविले. असे मतदान बेकायदा ठरेल असे सांगून प्रशासनाने जमावबंदीचा आदेश काढला, गावात पोलीस बंदोबस्त आला आणि गावकऱ्यांना बेत सोडून द्यावा लागला. काहींवर गुन्हेही दाखल झाले.

प्रशासनाच्या बाजूने म्हणण्यासारखे आहे. प्रत्येक गाव आपापले मतदान घेऊ लागले तर कोणता आकडा खरा हे सांगणार कोण? उघड्या मैदानात, गाववाल्यांच्या नजरेखाली दिलेले मत गुप्त तरी कसे राहणार? तथापि गावकऱ्यांच्या बाजूनेही एक मुद्दा आहे आणि तो सहसा कोणी बोलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयात यंत्रांविषयी शंका घेणाऱ्यांसाठी एक सोय केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना निकालानंतर सात दिवसांत अर्ज करून, खर्च भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रे तपासून घेता येतात. यंत्रांत फेरफार आढळल्यास खर्च परत मिळतो. परंतु मारकडवाडीतील शंका घेणारे ज्याच्या बाजूचे होते तो उमेदवार मतदारसंघात निवडून आला होता. म्हणजे शंका एका गावाच्या आकड्याविषयी होती आणि त्या शंकेला कायद्यात दारच नव्हते. जेथे दार नसते तेथे माणसे भिंत फोडण्याचा विचार करतात. त्यांना अडविणे जितके आवश्यक, तितकेच दार कोठे कमी पडले हे पाहणेही आवश्यक आहे.

या प्रकरणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गावाने कोणाला किती मते दिली हे मुळात गावाला कसे कळले? यंत्रांची मोजणी केंद्रवार होते आणि केंद्रवार आकडे जाहीर होतात, म्हणून. कागदी मतपत्रिकांच्या काळात, जेथे मतदारांना धमकावले जाण्याची भीती असे तेथे मोजणीपूर्वी निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका मिसळण्याची सोय नियमांत होती. यंत्रे आली आणि ही सोय व्यवहारात उरली नाही. परिणामी निवडून आलेल्याला कोणत्या वाडीने, कोणत्या सेक्टराने आपल्याला मते दिली नाहीत हे स्वच्छ दिसते. मग त्या भागातील नळाची दुरुस्ती लांबते, रस्त्याचे काम मागे पडते; निदान तसे लोकांना वाटत राहते. अनेक केंद्रांच्या यंत्रांची मते एकत्र बेरीज करून दाखविणारे उपकरण वापरावे, असा प्रस्ताव निवडणूक आयोगाने २००८ मध्ये मांडला आणि विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. तो प्रत्यक्षात आला नाही. केंद्रवार आकड्यांनी मोजणी पडताळणे सोपे होते, हे त्याच्या विरोधातील सबळ कारण. पडताळणी हवी तर गुप्तता थोडी कमी होते, गुप्तता हवी तर पडताळणी; दोन्ही पुरेपूर मिळण्याचा मार्ग अद्याप सापडलेला नाही.

शेवटची वाट न्यायालयाची. निवडणूक चालू असताना न्यायालयाने सहसा मध्ये पडू नये, असे संविधानाचे ३२९ वे कलम सांगते. १९५२ साली पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मद्रास राज्यातील पोन्नुस्वामी नावाच्या एका इच्छुकाचा अर्ज फेटाळला गेला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हाच अर्थ लावला: तक्रार खरी असली तरी आधी निवडणूक पुरी होऊ द्या, मग दाद मागा. नाही तर एका अर्जावरून सारी निवडणूक खोळंबेल. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करता येते. ती पराभूत उमेदवारानेच करावी असे नाही. त्या मतदारसंघातील कोणत्याही मतदाराला तो हक्क आहे. अनामत रक्कम २,००० रुपये. लाच, धाक, धर्माच्या वा जातीच्या नावाने आवाहन, अर्ज चुकीने स्वीकारणे वा फेटाळणे, अशी कारणे सिद्ध झाली तर निवड रद्द होते. याचिकेचा निकाल सहा महिन्यांत लागावा, असा प्रयत्न करण्यास कायदा सांगतो.

हा सहा महिन्यांचा उल्लेख वाचून जाणकारांना हसू येते. मुंबईतील विलेपार्ले मतदारसंघाच्या डिसेंबर १९८७ मधील पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागितल्याचे सिद्ध होऊन मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये निवड रद्द ठरविली. त्यावरील अपिलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयात लागला तो डिसेंबर १९९५ मध्ये. निवड रद्द हाच निर्णय कायम झाला. मात्र दरम्यान ती विधानसभा बरखास्त होऊन पुढची निवडणूकही उरकली होती. तो निकाल पुढील निवडणुकांतील भाषणांना दिशा देणारा ठरला हे खरे, पण मूळ वादातील मतदारांना त्याचा काय उपयोग झाला, हा प्रश्न विचारावासा वाटतो. वाट आहे, पण ती इतकी लांब असेल तर निम्मे लोक ती धरणारच नाहीत.

तरीही ती धरली जाते. भिलाईनगरच्या २०२३ च्या निकालानंतर पराभूत उमेदवाराने विजयी उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रातील माहितीविषयी आक्षेप घेऊन बिलासपूर येथील छत्तीसगढ उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल केली. आरोप काय, पुरावा काय, उत्तर काय, हे सर्व कागदावर आले आणि वकिलांच्या हाती गेले. १,२६४ मतांचे ते अंतर आता चौकात मोजण्याची गोष्ट राहिली नव्हती.

मोजणीचा दिवस, ३ डिसेंबर २०२३, हा रविवार होता. झोतभट्ट्या रविवारीही चालू राहतात. सोमवारी पहाटे पहिल्या पाळीचे कामगार नेहमीप्रमाणे क्वार्टरांतून बाहेर पडले. जिंकलेल्या बाजूचे होते, तसे हरलेल्या बाजूचेही.